ग्रूमर व्हायचे तीन रस्ते

६ एप्रिल, रविवार. विटा.

निर्णय झाला. मी डॉग ग्रूमर होणार. प्रोफेशनल.

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. उद्या धंदा वाढला की सुरुवात कशी झाली ते आपल्याला तरी आठवायला हवं.

सुरुवात अशी. माझ्या बायकोला, प्रांजलला, साताऱ्याच्या एका हॉस्पिटलात सीनियर लॅब टेक्निशियनची जागा मिळाली. दोन जूनला जॉइन व्हायचं. माझं मोबाईलचं दुकान मागच्या दिवाळीपासून बंद. (मार्केटच पडलं. माझा दोष नाही.) साताऱ्याला जाऊन तुम्ही काय करणार, असं तिनं विचारलं नाही. पण चहा ठेवताना कप जरा आवाज करून ठेवला. मला कळतं.

तिची मैत्रीण नौशीन शिकलगार. दोघी मिरजेला एका वर्गात. नौशीननं लॅब सोडली, पुण्याला जाऊन कुत्र्यांचं काम शिकली, आता सांगलीत विश्रामबागेत कुत्र्यांचं पार्लर चालवते. अंघोळ, केस, नखं, कान. डिसेंबरात साताऱ्यात दुसरी शाखा काढणार. तिथं माणूस पाहिजे, पण शिकलेला. प्रांजलनं हे जेवताना सहज सांगितलं. भात संपायच्या आत माझं ठरलं होतं.

मी मूळचा धनगर. जनावर आमच्या रक्तात.

८ एप्रिल, मंगळवार

कुठं शिकायचं हाच काय तो प्रश्न. दिवसभर मोबाईलवर अभ्यास केला.

पुण्याला एक अकॅडमी आहे, तिथंच राहून शिकायचं. माहितीपत्रकात लिहिलंय, पहिल्या दिवसापासून 'लाइव्ह डॉग'. घाई वाटते. पाया पक्का नको का आधी?

दुसरं नौशीनकडे. सहा महिने तिच्या हाताखाली. सुरुवातीला नुसती अंघोळ घालायची आणि पुसायची. कात्री नंतर. बी.कॉम. झालेल्या माणसानं कुत्री पुसायची, हे जरा जड जातं. शिवाय बायकोची मैत्रीण. मला दाजी म्हणते. दाजीला ओरडणार कशी? आणि ओरडली नाही तर मी शिकणार कसा?

तिसरा ऑनलाइन कोर्स. इंटरनॅशनल. घरबसल्या. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का. प्रॅक्टिकलला ते एक केसाळ बाहुला-कुत्रा कुरिअरनं पाठवतात. त्याच्यावर सराव करायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. प्रत्यक्ष कुत्रा लागत नाही. त्यामुळे लक्ष विचलित न होता शिकता येतं.

माझा कल अजून कुठंच नाही. मोकळ्या मनानं बघतोय.

११ एप्रिल, शुक्रवार

नानांना फोन केला. नाना म्हणजे माझे वडील, नानासो मेटकरी. आटपाडीकडं वाडीवर असतात. आधी मेंढरं, आता डाळिंब.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाले, आरं बिरदेवा, तू शाळंत असताना आपल्याच मेंढरांच्या वाड्यावरचं कुत्रं उठलं की बाभळीवर चढायचास, तुला उतरवाय तुझी आई भाकरी टाकून यायची. मग बराच वेळ हसले. मग हसायचं थांबून म्हणाले, दुसरं कायतरी बघ.

खुलासा: ते कुत्रं स्वभावानं बरं नव्हतं. आणि झाडावरून जनावराची चाल नीट दिसते. तेव्हापासूनच माझं निरीक्षण आहे, असाही त्याचा अर्थ निघतो.

नानांशी धंद्याचं बोलायचं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार. सांगली.

नौशीनचं पार्लर बघून आलो. जागा स्वच्छ. कात्र्या तिचे वडील स्वतः धार लावून देतात. त्रुटी एकच. जिकडं तिकडं कुत्री.

एक लॅब्रडोर टबात होता. त्यानं अंग झटकलं. मी बाहेर जाऊन व्हेंटिलेशन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आत आलो तर नौशीन म्हणाली, जरा याचं डोकं धरता का, कान पुसायचाय. मी म्हटलं, शर्ट नवा आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग शर्टाकडं पाहिलं.

निघताना म्हणाली, "दाजी, कोर्स कुठला ते मागनं ठरवू. आधी आठवडाभर नुसतं इथं येऊन बसा. कुत्री तुमाला बघू देत, तुमी कुत्र्यांना बघा."

चांगली मुलगी आहे, पण पद्धत जुनी. मी सांगितलं, तुलना करून कळवतो.

एस. टी. स्टँडपर्यंत लांबच्या रस्त्यानं गेलो. जवळच्या रस्त्यावर वडापावच्या गाड्यापाशी तीनचार बसली होती. चालणं तब्येतीला चांगलं.

१९ एप्रिल, शनिवार. विटा.

व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकलं: 'डॉग ग्रूमर (ट्रेनिंग चालू)'. ट्रेनिंगचा विचार चालू आहे म्हणजे ट्रेनिंग चालूच म्हणायचं.

बऱ्याच जणांनी अंगठे पाठवले. प्रांजलनं पाहिलं, पाठवलं काही नाही.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाचे सुभेदार लालासाहेब मुद्दाम घरी आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण चालताना अजून बुटांचा आवाज येतो. बायको वारल्यापासून ते आणि त्यांचा कुत्रा, दोघंच. गोल्डन रिट्रीव्हर. सोनेरी, केसाळ, वासराएवढा. नाव ब्रिगेडियर. सुभेदार सांगतात, आयुष्यभर साहेबांचे हुकूम ऐकले, आता मी बस म्हटलं की ब्रिगेडियर बसतो.

म्हणाले, आपल्या गल्लीत डॉक्टर न्हाई, वकील न्हाई, पर कुत्र्याचा माणूस झाला, लय झ्याक झालं. ब्रिगेडियरच्या पोटाखाली केसांच्या जटा झाल्यात, उन्हानं हैराण आहे, तुला जमंल का?

मी म्हटलं, का नाही. तारीख बघून कळवतो. अशी वाक्यं माझ्या तोंडून सहज येतात. धंद्याचं अंग आहे.

२३ एप्रिल, बुधवार

तारीख सुभेदारांनीच बघितली. उद्या. भाचीचं लग्न आहे पाटणला. ते पहाटे निघणार, संध्याकाळी परत. तोवर ब्रिगेडियर माझ्याकडं. अंघोळ, जटा, नखं.

प्रांजल म्हणाली, तुम्ही एकटेच? मी रजा टाकू का? मी म्हटलं, काही गरज नाही. तिनं परत विचारलं. मी जरा आवाज चढवला. एवढ्याशा गोष्टीला दोन माणसं लागली तर साताऱ्याची शाखा कशी चालणार?

रात्री जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळ.

ब्रिगेडियर आला. सुभेदारांनी साखळी माझ्या हातात दिली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. प्रांजल इथल्या दवाखान्यात ड्यूटीवर गेली.

ब्रिगेडियरनं दोन पाय माझ्या छातीवर ठेवले. तोंड माझ्या तोंडापाशी. साखळी सुटली. (तेलकट होती.) मी जिन्यानं गच्चीवर गेलो, तोही मागं आला. मी तिथल्या पत्र्याच्या खोलीत शिरलो आणि वळून बाहेर पडलो, तो आत राहिला. दार लावलं. कडी घातली.

हे ठरवून केलेलं नाही, पण योग्यच झालं. ऑनलाइन कोर्सच्या डेमो व्हिडिओत आहे, जनावराला नवीन जागेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा.

खाली येऊन जटांचा व्हिडिओ पाहतोय. वर भुंकतोय. जुळवून घेतोय.

दुपार.

भुंकणं कमी झालं. पद्धत लागू पडतेय.

पाण्याचं पातेलं घेऊन वर गेलो. दाराशी उभा राहिलो. आतून दारावर नखं घासल्याचा आवाज आला. पातेलं दाराबाहेर ठेवलं. सावलीत. गच्चीवर पायाला चटके बसत होते.

जेवण झालं की सुरुवात करायची.

जेवण झालं. पोट भरल्यावर लगेच वाकून काम करू नये. थोडं थांबतो.

आता वरून अजिबात आवाज नाही. गाढ झोपला असणार. उठवणं बरोबर नाही. तोवर तिन्ही कोर्सचा तुलनात्मक तक्ता करायला घेतला. पुण्याचा रकाना भरून झाला.

संध्याकाळ.

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

प्रांजल लवकर आली. तिला दवाखान्यात चैन पडेना म्हणाली. आल्या आल्या विचारलं, ब्रिगेडियर कुठाय? मी म्हटलं, वर, शांत आहे. ती पर्स खाली न ठेवताच पळत गेली.

कडी काढल्याचा आवाज. मग तिची हाक. माझ्या नावाची नव्हे. नुसतीच.

ब्रिगेडियर कुशीवर पडला होता. जीभ बाहेर, रंग जांभळा. पोट धपापत होतं, फार वेगानं. डोळे उघडे होते पण आमच्याकडं नव्हते. ती खोलीत शिरली तशी तिथली तापलेली हवा माझ्या तोंडावर आली, मी दाराबाहेर होतो तरी.

तिनं ते पातेलं त्याच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं. ओढणी भिजवून मानेखाली घातली. म्हणाली, मागचे पाय धरा, खाली न्यायचाय. मी पुढं झालो. हात पुढं केले. ते तिथंच राहिले, हवेत. तिनं परत सांगितलं. मग तिनं कठड्यावरून समोरच्या टेम्पोवाल्या दिलावरला हाक मारली. तो धावत आला. दोघांनी उचलून खाली नेला.

मी जिना मोकळा ठेवला.

टेम्पोत मागं ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पुढं दिलावरशेजारी. वळणावर मागून तिचा आवाज येत होता, हळू, बाळाशी बोलतात तसा. दिलावरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन.

जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, अंगावर गार पाणी, पंखा. ताप मोजला, परत एकदा मोजला. बऱ्याच वेळानं ब्रिगेडियरनं शेपटी एकदा फरशीवर आपटली. एकदाच. प्रांजल भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर आणून उपयोग नव्हता. कुणी कोंडला होता? प्रांजलनं माझ्याकडं पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडं. दिलावर टेम्पो वळवायला बाहेर गेला होता.

मुद्दा एवढाच की पाणी ठेवलं होतं. दाराबाहेर होतं, इतकंच.

२५ एप्रिल, शुक्रवार

सुभेदार काल लग्नाच्या कपड्यातच थेट जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि तिथंच थांबले. आज ब्रिगेडियरला घरी आणला. भेटायला जाणं माझं कर्तव्य होतं. प्रांजल म्हणाली, मी येणार नाही, तुम्ही जा.

सगळं तयार करून गेलो होतो. हवामान खात्याचा इशारा, पत्रा किती तापतो, रिट्रीव्हर ही मूळची थंड मुलखातली जात. सुभेदारांनी ऐकून घेतलं. ब्रिगेडियर ओल्या पोत्यावर पडला होता. मला बघून त्यानं मान उचलली आणि शेपटी हलवली. त्याला काहीच वाटलेलं नव्हतं.

ओरडतील असं वाटलं होतं. फौजेतला माणूस. ते म्हणाले, "पाणी तरी आत ठिवायचं हुतंस, गड्या."

एवढंच. मग पोत्यावर पाणी शिंपडायला लागले.

घरी येऊन स्टेटस काढून टाकलं. तात्पुरतं.

२ मे, शुक्रवार

शांतपणे विचार केला. त्या दिवशी चुकलं ते ट्रेनिंग नसल्यामुळे. म्हणजे ट्रेनिंग किती महत्त्वाचं आहे हे सिद्ध झालं. ऑनलाइन कोर्स घेतला.

प्रांजल माझ्याशी बोलते. भाजी कुठली आणायची, गॅस संपलाय, वगैरे. साताऱ्यात गोडोलीकडं तिनं खोली बघून ठेवली आहे. फोटो दाखवला. खिडकी चांगली आहे म्हटलं.

९ मे, शुक्रवार

बाहुला-कुत्रा आला. पांढरा, केसाळ. डोळे प्लास्टिकचे. टेबलावर ठेवला. त्याचं तोंड भिंतीकडं वळवलं आणि नवी कात्री घेतली.

उजव्या कानाचं ट्रिमिंग केलं. कान निघाला. शिलाई सैल होती. त्यांना मेल पाठवली.

डाव्या बाजूनं व्हिडिओ काढला आणि पाठवला.

१६ मे, शुक्रवार

पास. सर्टिफिकेट ईमेलवर आलं. सोनेरी शिक्का स्क्रीनवरसुद्धा चमकतो. 'सर्टिफाइड कॅनाइन ग्रूमिंग प्रोफेशनल'. नाव बिरदेव ऐवजी बर्डेव्ह असं आलंय, पण परदेशात असा उच्चार करत असतील.

प्रांजलला दाखवलं. तिनं पूर्ण वाचलं. मोबाईल परत देऊन म्हणाली, "शिकायचं ते शिका. पण परत कुणाचं जनावर दारामागं ठेवू नका."

मी म्हटलं, त्याचा या सर्टिफिकेटशी काय संबंध?

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एका बाजूला तिचे, एका बाजूला माझे. माझ्या कपड्यांची घडी घातली, पण बॅगेत ठेवली नाही.

२० मे, मंगळवार

सर्टिफिकेट नौशीनला पाठवलं होतं. चार दिवस उत्तर नाही. आज फोन आला. अभिनंदन केलं. मग सरळ मुद्द्यावर आली. साताऱ्याच्या जागेसाठी फलटणची सृष्टी म्हणून एक मुलगी विचारतेय. पुण्याचा कोर्स करून आलेली, हात चांगला. नौशीननं तिला थांबवून ठेवलंय, ते प्रांजलसाठी. मी सोमवारी एक दिवस यायचं. एका कुत्र्याची नखं नौशीन कापणार, मी फक्त धरायचा. धरला तर सहा महिने तिच्याकडं शिकायचं आणि मग शाखा माझी. नाहीतर सृष्टी.

फक्त धरायचा. एवढ्यासाठी सर्टिफाइड माणसाला बोलवायचं म्हणजे जरा अपमान आहे. पण मी मोठेपणा दाखवून हो म्हटलं.

संकल्प: रोज एका कुत्र्याला हात लावायचा.

२१ मे. पाऊस.
२२ मे. पाऊस. कुत्री आडोशाला.
२३ मे. एक दिसलं. ते खाजवत होतं, त्याला त्वचारोग असावा. संसर्ग नको.
२४ मे. रोज हात लावायची गरजच काय? सोमवारी ताजेपणानं लावता येईल.

२६ मे, सोमवार. सांगली. दुपार.

हे नौशीनच्या ग्रूमिंग टेबलावर बसून लिहितोय.

सकाळी दोन कुत्री झाली. मी निरीक्षण केलं. तिसरं दुपारनंतर, ते मी धरायचंय. नाव लाडू. म्हातारं, पांढरं, उशीएवढं. मालकीण सोडून गेली, ते टोपलीत झोपलं. नौशीन नमाजला वर घरी गेली. जाताना म्हणाली, आत्ता येते दाजी, तोवर त्याच्याशी जरा बोला.

ती गेली आणि लाडू उठलं. टोपलीतून उतरलं. हळूहळू माझ्या बाजूला यायला लागलं. मी बोललो. लाडू, बस, म्हणालो. ते बसलं नाही. दार आणि मी यांच्यामध्ये ते होतं.

टेबल भक्कम आहे. रबराचा पृष्ठभाग, पाय घसरत नाही. उंचीवरून केसांची दिशा फार चांगली समजते. पाय वर घेतलेत, कारण ते खाली हुंगतंय.

आता टेबलाखालीच आडवं झालं. दिसत नाही. हे जास्त वाईट.

नौशीनला अजून किती वेळ लागेल? घामानं पेन निसटतंय.

कुणीतरी दार उघडतंय.

संध्याकाळ. विट्याच्या एस. टी. त.

प्रांजल होती. जुन्या दवाखान्यातला शेवटचा दिवस अर्धाच होता, म्हणून आली. मला न सांगता. हातात पेढे होते.

ती दारात थांबली. मी टेबलावर मांडी घालून बसलेला. हसेल असं वाटलं. हसली नाही. मी सांगितलं की मी कामाची उंची तपासतोय. तिनं पेढे खुर्चीवर ठेवले, वाकली, लाडूला उचलून काखेत घेतलं. त्यानं तिच्या कोपराला तोंड लावलं आणि परत झोपून गेलं.

मग दुसरा हात माझ्याकडं केला. म्हणाली, "उतरा."

मी म्हटलं, आधी त्याला लांब ने. ती भिंतीपर्यंत मागं गेली, पण हात तसाच पुढं ठेवला. त्यामुळे मला उतरून चार पावलं चालावं लागलं. चाललो. हात धरला. माझा ओला होता.

नौशीन जिन्यात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. ती खाली आली. पेढा घेतला, मला दिला, आणि मोबाईल घेऊन आत गेली. आतून तिचा आवाज आला. सृष्टी, तू पयल्या तारखेपासून ये.

नखं कापताना लाडूला प्रांजलनं धरलं. तोपर्यंत मी बाहेर बाकावर बसलो.

एस. टी. त खिडकी मला दिली. तासगाव गेल्यावर ती म्हणाली, "साताऱ्याला येताय ना?" मी म्हटलं, तिथं माझं काय? ती म्हणाली, ते तिथं गेल्यावर बघू, पण आता कुठला कोर्स घेऊ नका.

माझे कपडेही बॅगेत ठेवते म्हणाली.

२७ मे, मंगळवार. विटा.

त्या लाडूला दात नव्हते. एकही नाही. नौशीननं नमाजला जायच्या आधी हे सांगायला हवं होतं.

सांगितलं असतं तरी मी टेबलावरच असतो.